गिअरबॉक्स घरी उतरवावा काय?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकात लिहावे ते पावसावर, आईवर किंवा हुंड्यावर, असा एक अलिखित संकेत आहे. मी लिहिणार आहे ट्रकच्या गिअरबॉक्सवर. विषय ऐकून मैत्रिणी हसल्या. एकीने तर 'तू वाट चुकून इकडे आलीस, तुझी जागा आयटीआयमध्ये' असेही ऐकवले. परंतु ज्या घराची चूल सहा चाकांवर चालते, त्या घरात गिअरबॉक्स हा विषय अंगणातून माजघरापर्यंत येतो. त्यापायी आमच्या घरी भांडणे झाली आहेत, एक बोट चेचले गेले आहे आणि माझ्या बारावीच्या सहामाही परीक्षेचे दोन पेपर बुडाले आहेत. तेव्हा या विषयावर मत मांडण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असे मी नम्रपणे समजते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सातवीपर्यंत शिकले. पंधराव्या वर्षी ते क्लीनर म्हणून गाडीवर चढले, पुढे ड्रायव्हर झाले आणि २०१६ साली कर्ज काढून त्यांनी एक जुनी सहाचाकी घेतली. हंगामात ऊस आणि एरवी विटा, अशी आमची वाहतूक चालते. गाडीच्या बाबतीत अण्णांचे एक ब्रीद आहे. ते म्हणतात, "ज्याला आपली गाडी खोलता येत नाही, त्याने ती ठेवू नये." त्यामुळे गाडीचे होईल तितके काम घरीच करायचे, हा आमच्या घरचा रिवाज. इतर घरांत मुलीला रांगोळी शिकवतात; मला अण्णांनी चोवीसचा पाना आणि सत्तावीसचा पाना यांतला फरक अंधारात नुसत्या बोटांनी ओळखायला शिकवला. याचा मला आजही अभिमान वाटतो. म्हणून पुढे जे लिहिणार आहे ते अण्णांच्या विरुद्ध असले, तरी त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुलीने लिहिलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

ज्यांचा गाडीशी संबंध केवळ तिकिटापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लचप्लेट नावाची एक गोल तबकडी असते. ती इंजिनच्या फ्लायव्हीलवर दाबून धरली की इंजिनचे बळ गिअरबॉक्सकडे आणि तेथून मागच्या चाकांकडे जाते. पायाने पॅडल दाबले की ती सुटी होते. घासून घासून या तबकडीचे अस्तर झिजते. मग चढावर इंजिन नुसते ओरडत राहते आणि भरलेली गाडी जागची हलत नाही. तबकडी बदलायची तर गिअरबॉक्स मागे ओढून खाली उतरवावा लागतो. म्हणजे बदलायची वस्तू एका हाताने उचलता येईल एवढी, पण तिच्यासाठी शंभर किलोच्या वरचे धूड खाली आणायचे आणि पुन्हा वर चढवायचे! घरी करावे की गॅरेजमध्ये, हा वाद या धुडापाशी सुरू होतो.

मी बारावीत असताना ऑक्टोबर महिन्यात आमच्या गाडीचा क्लच असाच घसरू लागला. गाळप हंगाम तोंडावर आला होता आणि कारखान्याशी वाहतुकीचा करार झालेला होता. गॅरेजवाल्याने मजुरीचे पाच हजार आणि दोन दिवस सांगितले. सुटे भाग आमचेच. अण्णा म्हणाले, "पाच हजार कशाचे? बोल्टच काढायचे ना?" याआधी दोनदा त्यांनी हे काम घरी केले होते आणि दोन्ही वेळा ते सुरळीत पार पडले होते. त्यामुळे आईनेही फारसा विरोध केला नाही.

चाकांना दगड लावून गाडी अंगणात उभी केली. बॅटरीची तार सोडली, गिअरबॉक्समधले तेल काढून घेतले, मागे जाणारा लांब शाफ्ट खोलून बाजूला ठेवला, क्लचची जोडणी सोडवली. माझ्याकडे बॅटरी धरण्याचे आणि बोल्ट सांभाळण्याचे काम होते. चटणीच्या रिकाम्या डब्यांत मी ते वेगवेगळे ठेवी आणि प्रत्येक डब्यात कोणता बोल्ट कुठला याची चिठ्ठी टाकी. खर्चाची वहीही माझ्याकडेच होती. पहिला दिवस चांगला गेला. गिअरबॉक्स खाली आला, जुनी प्लेट निघाली आणि नवी बसली. तोपर्यंत हिशेब अण्णांच्या बाजूने होता.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स वर चढवताना घात झाला. परतीच्या पावसाने अंगणातली काळी माती आतून मऊ झाली होती. वरून ती वाळलेली दिसत होती एवढेच. जॅकखाली फळी घातलेली होती. पण गिअरबॉक्सचे पुढचे टोक प्लेटच्या खाचांत शिरत असतानाच फळीची एक बाजू खचली, जॅक कलला आणि सगळे वजन त्या पुढच्या टोकावर, म्हणजे पर्यायाने नव्या प्लेटवर लोंबकळले. माझा भाऊ पहार लावून उभा होता, त्याच्याने ते आवरेना. अण्णांनी सवयीने हात घातला. लोखंडाखाली हात घालू नये हे त्यांनीच आम्हाला शेकडो वेळा सांगितलेले आहे. पण स्वतःची वस्तू पडू लागली की हात आपोआप पुढे जातो, तो कुणाला विचारून जात नाही. उजव्या हाताची करंगळी चेचली गेली. मी बॅटरी धरून उभी होते. प्रकाश हलू द्यायचा नाही एवढेच मला शिकवलेले होते आणि मी तो हलू दिला नाही. हे मला अजून आठवते आणि आठवले की बरे वाटत नाही.

हात बांधून आल्यावर अण्णा खाटेवर बसून सूचना देऊ लागले आणि भावाने शेजारच्यांच्या मदतीने गिअरबॉक्स जोडला. गाडी सुरू केली तर पॅडल दाबूनही प्लेट सुटेना. गिअर टाकताच खडखडाट. शेवटी गॅरेजमधल्या एका मिस्त्रीला घरी बोलवावे लागले. त्याने सगळे पुन्हा उतरवले, नवी प्लेट हातात फिरवून पाहिली आणि सांगितले की हिचा मधला भाग वाकला आहे. गिअरबॉक्सचे वजन क्षणभर जरी प्लेटवर आले तरी ती वाकू शकते. हे अण्णांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि साधन हाताशी असणे वेगळे.

त्या वहीतला हिशेब मी येथे जसाच्या तसा देते. मजुरीचे पाच हजार वाचले. वाया गेलेली प्लेट साडेचार हजार. डॉक्टर, एक्स-रे आणि औषधे मिळून दोन हजार आठशे. मिस्त्रीची मजुरी दोन हजार. दोन दिवसांचे काम नऊ दिवस चालले. डिझेल आणि हमाली वजा जाता विटांच्या खेपेत तेव्हा दिवसाला दीड हजार उरत, म्हणजे सात दिवसांचे साडेदहा हजार बुडाले. एकूण नुकसान एकोणीस हजार आठशे. वाचलेले पाच हजार वजा केले तरी चौदा हजार आठशेचा खड्डा. माझे बुडालेले पेपर आणि अण्णांची आजही पूर्ण न वळणारी करंगळी या हिशेबात धरलेली नाही, कारण त्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

येथे कुणी म्हणेल की एका अपघातावरून सरसकट निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. मान्य आहे. आधीच्या दोन वेळा काम साधले होते, हेही मी लपवलेले नाही. म्हणून मी त्या दोन वेळांचा हिशेबही पुन्हा तपासला. तेव्हा खरोखरच मजुरी वाचली होती काय? दोन्ही वेळी अण्णा आणि भाऊ चार-चार दिवस गाडीखाली होते, आई त्यांच्या आणि मदतीला आलेल्या शेजाऱ्यांच्या चहा-जेवणाला जुंपलेली होती. या सर्वांना साध्या रोजंदारीचा दर लावला, तर वाचलेली मजुरी जवळपास तेथेच संपते. म्हणजे आपण ज्याला बचत म्हणतो, ती पुष्कळदा घरच्या माणसांना न दिलेली मजुरी असते. ती कुणी मागत नाही म्हणून ती नाहीच, असे आपण धरून चालतो. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

आता गॅरेजची बाजू. गॅरेजमध्ये कोबा असतो, त्यामुळे जॅक खचत नाही. गाडीखाली उभे राहून काम करता येईल असा खड्डा असतो. वजन पेलायला साखळीची कप्पी किंवा गिअरबॉक्ससाठीच बनवलेला जॅक असतो. प्लेट मधोमध बसवण्यासाठी जुन्या शाफ्टचा तुकडा ठेवलेला असतो. आणि हे काम महिन्यातून अनेकदा करणारी दोन माणसे असतात. आपण पाच हजार देतो ते केवळ बोल्ट काढण्याचे देत नाही. त्या कोब्याचे, त्या कप्पीचे आणि त्या दोघांच्या सवयीचे देतो.

परंतु गॅरेज म्हणजे धर्मशाळा नव्हे, हेही तितकेच खरे. त्याच्या पुढच्याच वर्षी अण्णांनी, हात पुरता बरा नसल्यामुळे, एक लहान काम एका गॅरेजमध्ये दिले. बिलात नवे बेअरिंग लावल्याची नोंद होती. महिन्याभरात पॅडल दाबताच किरकिर ऐकू येऊ लागली. अण्णांनी कान दिला आणि म्हणाले, "जुनेच बेअरिंग पुसून, ग्रीस भरून बसवलंय." खोलून पाहिले तर तसेच निघाले. गॅरेजवाल्याने मुकाट्याने पैसे परत केले. अण्णांना गाडी खोलता येत नसती तर हे कळले असते काय? मुळीच नाही. डोळे मिटून गाडी दुसऱ्याच्या हवाली करणारा माणूस बिलातल्या प्रत्येक ओळीला नुसती मान डोलावतो. म्हणून घरचे ज्ञान टाकाऊ आहे, असे मी चुकूनही म्हणणार नाही.

काळही बदलला आहे. अमेरिकेत पिकअप नावाच्या हलक्या ट्रकना बहुतेक स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. तिकडे मजुरी फार महाग, म्हणून पुष्कळ लोक तोसुद्धा घरच्या आवारात स्वतः बदलतात. माझा भाऊ मोबाईलवर अशा चित्रफिती पाहतो आणि म्हणतो, "ते करतात, मग आपण का नको?" मीही त्याच्याबरोबर पाहिल्या. त्या गिअरबॉक्सला आपल्यासारखी क्लचप्लेट नसते. तिच्या जागी तेलाने भरलेले एक गोल भांडे असते, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. ते आतल्या पंपाच्या खाचांत पूर्ण बसायच्या आतच बोल्ट आवळले तर पंप फुटतो. तेल थंड करणाऱ्या नळ्या धुतल्या नाहीत, तर जुन्या गिअरबॉक्समधला धातूचा चुरा नव्यात जातो आणि तोही निकामी होतो. हे सगळे सांभाळणारे लोक सपाट सिमेंटवर, भाड्याने आणलेल्या खास जॅकवर काम करताना दिसतात. आपण त्यांची हिंमत पाहतो, त्यांच्या पायाखालचे सिमेंट पाहत नाही.

आपल्याकडेही काही नव्या ट्रकना आता क्लचचे पॅडल नाही. गिअरबॉक्स जुन्याच धाटणीचा असतो, पण क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाकडे दिलेले असते. प्लेट बदलली की ती नेमकी कुठे पकडते हे त्या संगणकाला नव्याने शिकवावे लागते आणि त्यासाठी कंपनीचे यंत्र लागते. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाल्यावर तर इंजिनातले दोष शोधण्यासाठीही पान्याआधी यंत्र जोडावे लागते. म्हणजे उद्या अण्णांची बोटे कितीही जाणती असली, तरी गाडीच त्यांच्याशी बोलणार नाही. ती फक्त कंपनीच्या माणसाशी बोलेल. हा मुद्दा मला अपघातापेक्षाही गंभीर वाटतो. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना, सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत म्हणून, अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. पुढे ते प्रकरण अपिलात गेले. तो निर्णय मोटारींपुरता होता, तरी त्यातला प्रश्न ट्रकलाही लागू पडतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली; तिच्या विषयांत शेतीची अवजारे आणि वाहने दोन्ही होती. दुरुस्ती कुठे करावी हा प्रश्न पुढचा. ती कुठे करायची हे ठरवण्याचा हक्क मालकाकडे राहणार की नाही, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

आमच्या भागात स्वावलंबन या शब्दाला फार मान आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे 'कमवा आणि शिका' ही योजना घरोघरी पोहोचली. घरी काम करण्याच्या बाजूने अण्णाही कर्मवीरांचेच नाव घेतात. माझे म्हणणे एवढेच की त्या योजनेचे नाव नीट वाचावे. ते 'राबा आणि शिका' असे नाही, 'कमवा आणि शिका' असे आहे. त्यात श्रमाला मोल होते, ते मोजले जात होते आणि त्यातून मुलगा शिकत होता. ज्या श्रमाचे मोल धरले जात नाही, ज्यात जिवाला धोका आहे आणि जे केवळ हातात पैसे नाहीत म्हणून करावे लागते, त्याला स्वावलंबन म्हणणे म्हणजे सक्तीला सोवळे नेसवणे होय. गरिबाच्या घरी अशी पुष्कळ सक्ती सद्गुणाच्या नावाने नांदते.

मग करावे काय? माझे मत असे. ज्या कामात वजन डोक्यावर किंवा हातावर येत नाही, म्हणजे तेल बदलणे, ग्रीस भरणे, फिल्टर, पट्टे, दिवे, क्लचच्या पॅडलची खेळी तपासणे, ही कामे घरीच करावीत आणि ती मुलींनाही शिकवावीत. गिअरबॉक्स उतरवण्याचे काम गॅरेजला द्यावे. मात्र मालकाने तेथे उभे राहावे, काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि बिलातली प्रत्येक ओळ विचारून घ्यावी. घरीच करायचे झाले तर कोबा, पक्के आधार आणि कप्पी यांची सोय आधी, पाना नंतर. आणि निघालेले काळे तेल विहिरीच्या बाजूला ओतू नये. तेही आम्ही वर्षानुवर्षे ओतत आलो. थोडक्यात, ज्ञान घरात असावे आणि धोका घरात नसावा.

हे लिहीत असताना आमच्या गाडीचा क्लच पुन्हा घसरू लागला आहे. अण्णांनी यंदा अंगणात कोबा करून घेतला आहे. त्यांचा बेत मी न सांगता ओळखला. मी वही काढली आणि त्यात 'मजुरी' असा नवा रकाना आखला. त्यात अण्णांचा, भावाचा, आईचा आणि बॅटरी धरणारीचा दर लिहून वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली. मग म्हणाले, "मजुरी लावतेस तर न्याहारीचे पैसेही कापून घे." आई आतून म्हणाली, "न्याहारी करणारीचाही दर आहे त्यात, नीट बघा." अण्णा हसले. निर्णय मात्र अजून झालेला नाही.

हा अंक घरी जाईल तेव्हा अण्णा हा लेख वाचतील. आमच्या घरात छापलेल्या कागदाला मान आहे, माझ्या बोलण्याला अद्याप तितका नाही. म्हणून येथे लिहिले. ज्या मित्रमैत्रिणींच्या दारात ट्रॅक्टर, टेंपो किंवा रिक्षा उभी आहे, त्यांनीही आपल्या घरच्या वहीत तो एक रकाना आखून पाहावा, एवढीच विनंती.

(द्वितीय वर्ष, कला)